गाडीचं तोंड गेटाकडे

आधी हात वर जायचा. पंजा उघडा, म्हणजे थांबा. मग चार बोटं मिटायची आणि उरलेलं एक हवेत गोल फिरायचं, म्हणजे गाडी वळवा. गाडी पुरती वळून उभी राहीपर्यंत ते बोट फिरतच असायचं. ट्रक असो, जीप असो, नाहीतर देवीच्या दर्शनाला निघालेली मिनीबस असो, काकाजींचं म्हणणं एकच. "तोंड गेटाकडे."

काकाजी हमरस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये यार्डावर होते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गठाणी बांधतात तो कारखाना. आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण वाचणारे सगळे आमच्याकडचे कुठं असतात. हंगामात कापसाच्या गाड्या आल्या की कोणती कुठं रिकामी करायची, कोणत्या गंजीवर कोणता माल टाकायचा, हे काकाजी हाताच्या इशाऱ्यावर चालवायचे.

मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा मात्र यार्डात कापूसच नव्हता. केळापूर तालुक्याचे ते दिवस वाईट होते. कुणाचं पीक अळीनं खाल्लं, कुणाचं भावानं. खरेदी केंद्र दुसरीकडे हललं, आणि शेठजींनी मशीन ताडपत्रीनं झाकून माणसं घरी पाठवली. काकाजींना तेवढं ठेवलं, अर्ध्या पगारावर, राखणीला. गेटाजवळ एक खोली, पुढे कडुनिंब, आणि मागे ओसाड यार्ड. त्यांची बायको आधीच गेलेली, एकुलती पोरगी बोरी अरबला दिलेली. म्हणजे ती खोली सुटली तर त्यांना पोरीच्या दारात जाऊन राहण्यावाचून दुसरी जागा नव्हती, आणि जावयाच्या घरी राहायला तो माणूस मनापासून भीत होता. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

मी तिथून किलोमीटरभर अलीकडे, सरकारी विश्रामगृहात बाबू होतो. आरक्षणाचं रजिस्टर माझ्या ताब्यात. आमच्या घरात तीन पिढ्यांची कारकुनी. वडील म्हणायचे, तोंडी निरोप वाऱ्यावर जातो, लिहिलेला राहतो. मी ते लहानपणापासून ऐकलं आणि पुढे नोकरीत तंतोतंत पाळलं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गंमत अशी, की कापूस गेला आणि आमचं विश्रामगृह भरलं. समित्या आल्या, पथकं आली, वर्तमानपत्रवाले आले, अभ्यास करणारे आले. सगळ्यांना खोली पाहिजे, उकळलेलं पाणी पाहिजे, आणि सकाळी सातला चहा पाहिजे. दिवसभर ते खेड्यापाड्यांत फिरायचे आणि संध्याकाळी येऊन व्हरांड्यात बसायचे. मला त्यांचा राग नव्हता. पण नुसत्याच रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला मग आमच्याकडे जागा उरायची नाही.

आणि नुसत्याच रस्त्यानं जाणारे लोक खूप असतात. तुम्ही कधी गाडीतच बिछाना टाकून प्रवास केला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. दिवस मावळायला लागला की एकच प्रश्न, गाडी उभी करायची तरी कुठं? ढाब्यावर लावली तर जेवावं लागतं आणि बाजूच्या बाजेवर दारूची बैठक बसते. पेट्रोल पंपावर लावली तर टँकर येतो, हटा म्हणतात. देवळात लावली तर पहाटे घंटा, शाळेत लावली तर सकाळी प्रार्थना. एसटी स्टँडावर लावली तर पोलीस येऊन काठीनं पत्रा वाजवतो. लॉजचा खर्च ज्याला झेपतो तो गाडीत झोपत नाही. मग कुणीतरी सांगतं, पुढे सरकारी विश्रामगृह आहे, तिथं आवारात लावू देतील. ते कुणीतरी कोण, ते मला आयुष्यात कळलं नाही. भेटला असता तर दोन शब्द सुनावले असते.

माझं उत्तर ठरलेलं होतं. नियमात खोली आहे, नुसती गाडी नाही. खोली घेतली तर गाडी आत, आणि खोल्या तर भरलेल्या. एवढं बोलून झालं की लोकांचे चेहरे पाहवायचे नाहीत. म्हणून मी पुढे म्हणायचो, "पुढं डाव्या हाताला एक बंद जिनिंग लागते. तिथं काकाजी आहेत. त्यांना विचारा." पहिल्यांदा हे मी पिच्छा सोडवायला म्हणालो होतो. नागपूरच्या एका कुटुंबाची ओम्नी होती, आत दोन लहान मुलं झोपलेली. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ मुद्दाम परत येऊन माझे आभार मानून गेला. मला लाज वाटली. मग मी लोकांना लाज न वाटता पाठवू लागलो.

काकाजी कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. पण फुकट म्हणजे मोकाट नव्हे. त्यांचे नियम माझ्या रजिस्टरपेक्षा कडक होते. गाडीचं तोंड गेटाकडे. आत चूल नाही, स्टोव्ह नाही, उदबत्तीसुद्धा नाही. स्वयंपाक करायचा असेल तर गेटाबाहेर तीन दगड मांडलेले होते, तिथं. बिडी पिणाऱ्यानं रस्ता ओलांडून पलीकडे जायचं. आणि गाडी थांबली रे थांबली की काकाजी खोलीतून एक पुठ्ठा आणायचे, किराणा दुकानातल्या खोक्याचा, आणि स्वतः वाकून इंजिनाखाली सरकवायचे. तेलाचा थेंब जमिनीवर पडता कामा नये. सकाळी गाडी गेली की जागा निरखून बघायचे. कुठं काळा डाग दिसलाच तर खुरप्यानं तेवढी माती काढून बाहेर टाकायचे.

मी एकदा म्हटलं, "काकाजी, रिकामं यार्ड आहे. कशाला एवढं?"

"उद्या कापूस आला त?"

हे त्यांचं दुसरं वाक्य. हसून नाही, रागावून नाही, पाऊस येईल म्हणून वाळवण आत घ्यावं तितक्या सहज. तेलाच्या डागावर कापूस पडला की तो मातेरं होतो. कापसात ठिणगी पडली तर कोणी थांबवू शकत नाही. फार वर्षांपूर्वी त्याच यार्डात आग लागली होती तेव्हा एक ट्रक गंजीकडे तोंड करून उभा होता. ड्रायव्हर मागे घेता घेता गोंधळला, गाडी बंद पडली आणि गेटाची वाट अडवून बसली. आतल्या दोन बैलगाड्या बाहेर आल्याच नाहीत. काकाजींनी ते जवळून पाहिलं होतं. बैलांबद्दल ते बोलायचे नाहीत. फक्त तोंड गेटाकडे, एवढंच म्हणायचे.

तेव्हा कापूस नसलेल्या यार्डात कापसाचे सगळे नियम चालू होते. लाल बादल्यांत वाळू भरलेली. हौद काठोकाठ. रोज सकाळी सबंध यार्ड झाडलेलं. येणारे-जाणारे हसायचे, मीही हसायचो. आमच्या इथले एक मोठे साहेब समितीबरोबर आले होते, त्यांना बंद जिनिंग बघायची होती. त्यांच्या ड्रायव्हरनं जीप नाकासमोर आत घातली आणि उतरून तंबाखू मळायला लागला. काकाजी जीपसमोर जाऊन उभे. बोट गोल. ड्रायव्हर म्हणाला, सरकारी गाडी आहे, म्हातारबा. बोट तरी गोलच. शेवटी साहेबांनीच विचारलं, काय भानगड आहे? काकाजी म्हणाले, "साहेब, उद्या कापूस आला त?" साहेब हसले. मग रिकाम्या यार्डाकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, वळव.

वाटसरूंच्या कामाची एक वेगळीच माहिती काकाजींपाशी होती. जिनिंगला येणाऱ्या ट्रकवाल्यांकडून वर्षानुवर्षं गोळा केलेली. पुढे कुठल्या पंपाचा मालक भला आहे, कुठल्या पुलाखाली पाणी साचतं, कुठं देवळाच्या मागे सपाट जागा आहे. "ढाणकीले बाजाराच्या दिवशी नका थांबू, पहाटेच उठवतीन." असं ते लोकांना सांगायचे, आणि लोक कागदावर लिहून घ्यायचे. काकाजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं डोक्यात. दरवर्षी येणारी गाडी ते आवाजावरून ओळखायचे.

त्यांत एक मॅटाडोर होती. जुनी, निळ्या रंगाची.

सावनेरकडचे एक निवृत्त गुरुजी ती चालवायचे. मागची बाकडी काढून त्यांनी आत खाट बसवली होती, खिडकीला शिवलेले पडदे, कोपऱ्यात पाण्याची टाकी, आणि भिंतीला बिजागरीची एक फळी, जी खाली पाडली की टेबल व्हायची. हे सगळं बाईंसाठी. बाई म्हणजे त्यांची बायको, तीही शाळेत शिकवायची. लकव्यानं उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेलेलं. एक-दोन शब्द यायचे, तेही मनात असतील तेच येतील असं नाही. हैदराबादला बाईंचा भाऊ होता. वर्षातून एकदा त्याला भेटायचं, एवढं एकच बाईंना हवं असायचं. एसटीत त्यांना बसवत नव्हतं, लॉजला जिने. म्हणून गुरुजी पन्नास-साठ किलोमीटर गेले की थांबायचे, असं करत करत मार्गशीर्षात भावाकडे नेऊन पौषात परत आणायचे.

पहिल्या वर्षी ते माझ्याकडेच आले होते. खोली मागितलीच नाही. आमच्या विश्रामगृहाला सात पायऱ्या, त्या बघूनच त्यांनी ओळखलं. फक्त आवारात गाडी लावू द्या म्हणाले. मी नियम सांगितला. गुरुजी वाद घालणारे नव्हते. "नियम असेल तर बरोबर आहे," म्हणाले. वाद घालणारा माणूस परवडतो, बाबा. मी त्यांना काकाजींकडे पाठवलं, आणि त्या दिवशी काम संपल्यावर घरी न जाता तिकडेच गेलो, नीट पोचले का पाहायला.

मॅटाडोर निंबाखाली उभी होती, तोंड गेटाकडे. खाली पुठ्ठा. बाई आतच, दाराशी. गाडीचा पायठा उंच, त्यामुळे गुरुजींना एकट्याला त्यांना उतरवता येत नव्हतं. सकाळपासून त्या आतच होत्या. काकाजींनी ते पाहिलं. मग गठाणीच्या गोदामातून दोन लांब फळ्या ओढत आणल्या. गठाणी ढकलत ट्रकवर चढवायच्या फळ्या त्या, कित्येक वर्षांत गुळगुळीत झालेल्या. एक टोक गाडीत, एक जमिनीवर. मध्ये खालून विटांचा टेका. मग गुरुजी मागून आणि काकाजी पुढून, असं बाईंची चाकाची खुर्ची हळूच खाली आली. बाई निंबाखाली बसल्या, डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून, आणि सगळीकडे बघायला लागल्या. "मोठं," त्या म्हणाल्या. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, दोन महिन्यांनी शब्द आला.

दुसऱ्या वर्षी मॅटाडोर आली तेव्हा निंबाखालची जमीन काकाजींनी सपाट करून ठेवली होती. खाली मुरूम, वर बारीक माती, चोपून. नळाचं तोंडही त्या बाजूला वळवून घेतलेलं. गेटाबाहेरच्या तीन दगडांवर ते तुरीच्या शेंगा उकडायचे आणि पितळीत घेऊन बाईंसमोर ठेवायचे. बाई एका हातानं शेंगा सोलायच्या. एकेक दाणा काढायला खूप वेळ लागायचा आणि दोघेही म्हातारे मुकाट्यानं बघत बसायचे, कोणी मदत करायचं नाही. मी एकदा मदतीला हात पुढे केला तर काकाजी म्हणाले, "राहू द्या बाबूजी. त्यायले करू द्या."

तिसऱ्या वर्षी पौषात, परतीच्या मुक्कामानंतर, मॅटाडोर सकाळी निघाली. मी आमच्या पाहुण्यांसाठी दूध आणायला निघालो होतो, वाटेत थांबलो. गाडी सुरू झाली आणि बाईंनी पडदा सारून डावा हात बाहेर काढला. बोटानं निंबाखालची जागा दाखवली, मग काकाजींकडे पाहिलं. तोंड हललं, शब्द काही आला नाही. पण विचारणं कळत होतं. पुढच्या वर्षी आहे ना ही जागा?

काकाजी खिडकीजवळ गेले. "तुमची जागा ठेवतो, बाई," ते म्हणाले. "कापूस आला तरी ठेवतो."

मी त्या माणसाला तीन वर्षं ओळखत होतो. कापसाच्या आधी त्यांनी दुसरं काही ठेवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला ते बरं वाटलं, आणि थोडं हसूही आलं, कारण कापूस येणार होता कुठं?

आणि आला की, बावा.

चौथ्या वर्षी पाऊस वेळेवर पडला, भाव जरा सुधारला, आणि शेठजींचा मुलगा, धाकटे शेठ, शहरातून येऊन बसले. ताडपत्री निघाली. मशीनला तेल पडलं. दिवाळी झाली आणि दहा-पंधरा दिवसांत गाड्या लागल्या. टेम्पो, ट्रॅक्टर, एखादी बैलगाडी. रांग हमरस्त्यापर्यंत. काकाजींनी धुतलेला सदरा घातला होता. मी स्कूटरवरून जाताना पाहिलं तर दोन्ही हात वर, बोटं फिरतायत, आणि ट्रॅक्टरवाले वळतायत. एकही हसत नव्हता. चार वर्षं ज्या नियमांना आम्ही हसलो ते सगळे आता नुसते नियम होते. मला फार बरं वाटलं. काकाजींनी मला पाहून हात हलवला, आणि लगेच दुसऱ्या गाडीकडे वळले.

त्याच आठवड्यात विश्रामगृहात फोन आला. गुरुजींचा. त्यांच्याजवळ तोच एक नंबर होता. आवाज नेहमीसारखा शांत. म्हणाले, बाई दिवाळीच्या आधी गेल्या. आता यंदा येणं नाही. मॅटाडोरही देऊन टाकतोय. "काकाजींना सांगा, जागा धरून ठेवू नका. एवढा निरोप द्याल ना?" मी म्हटलं, देतो. फोन ठेवला आणि रजिस्टर उघडलं. तारीख, वेळ, कोणाकडून, कोणासाठी. शेऱ्याच्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं: जागा धरून ठेवू नये. खाली रेघ मारली.

आता तुम्ही म्हणाल, लिहिलं कशाला, जाऊन सांगायचं. किलोमीटरभर तर होतं. पण आमच्या खात्यात, आणि माझ्या घरात, लिहिलं म्हणजे कळवलं. हातून रेघ ओढली गेली की मन मोकळं होतं, काम झाल्यासारखं वाटतं. वर दुसऱ्या दिवशी पथक येणार होतं, बारा माणसं, त्यांतल्या दोघांना बिनमिठाचं जेवण. मी म्हटलं, पथक गेलं की जाऊ. पथक गेलं तर दुसरं आलं. त्या दिवसांत मी दोनदा जिनिंगसमोरून गेलो. दोन्ही वेळा काकाजी गाड्यांत होते, दोन्ही वेळा मी हात केला. अशा गर्दीत बाई गेल्याचं काय सांगायचं, निवांत सांगू, असंही मनाला पटवलं. वडील म्हणायचे, लिहिलेला निरोप राहतो. खरंच आहे. तो तिथंच राहतो.

मार्गशीर्ष लागला. यार्ड पांढरं झालं. पथकातल्या एका साहेबांना, कापूस परत आला म्हणतात तो कसा दिसतो, ते बघायचं होतं. मी त्यांच्या जीपमध्ये बसून जिनिंगला गेलो. मनात म्हटलं, चला, सांगूनही होईल.

ड्रायव्हरनं जीप थेट आत घातली आणि गंजीकडे तोंड करून उभी केली. वळव म्हणायला कोणी आलं नाही.

मी उतरून इकडेतिकडे पाहिलं. यार्डावर दुसराच माणूस होता, तरणा, शिट्टी वाजवणारा. सगळीकडे गंज्या, छातीच्या वर. फक्त निंबाखाली एक चौकोन उघडा होता. मॅटाडोर मावेल आणि बाजूला दोन फळ्या पडतील, बरोब्बर एवढा. झाडून स्वच्छ. मध्ये एक नवा कोरा पुठ्ठा ठेवलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर वीट. दोन बायका टोपल्यांनी कापूस आणून आता तिथंच टाकत होत्या. चौकोन एका बाजूनं भरत आला होता.

धाकट्या शेठनी साहेबांना खुर्ची दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हातारा बिथरला, म्हणाले. आठ दिवस त्यानं ती जागा भरू दिली नाही. गाड्या रांगेत उभ्या, वर आभाळ भरून आलेलं. एका टेम्पोवाल्याचा कापूस बाहेर थांबून थांबून भिजला, तो शिव्या देत दुसऱ्या जिनिंगला गेला. शेठनी काकाजींना बोलावून विचारलं, जागा कोणाची? तर म्हणे गुरुजींची, वचन दिलंय. किती दिवस ठेवायची? तर म्हणे, "आजचा दिवस पाहू द्या. उद्या बाई आल्या त?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं सांगितलं, एक तर कापूस, नाहीतर तुमची बाई. काकाजींनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. फळ्या परत गोदामात नेऊन ठेवल्या. पुठ्ठा तेवढा राहू दिला. परवाच सकाळच्या एसटीनं पोरीकडे गेले.

परवा. फोन येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

शेठ मला विचारत होते, तुमची तर ओळख होती, कोण हो ही बाई? मी म्हटलं, असतील कोणी, रस्त्यानं जाणारे. निंबाखालचा पुठ्ठा एका बाईनं पायानं बाजूला सारला आणि टोपली पालथी केली.

पौषात गुरुजी आले. एकटे, एसटीनं, हातात कापडी पिशवी. सात पायऱ्या थांबत थांबत चढले आणि माझ्या टेबलासमोर बसले. आधी जिनिंगलाच जाऊन आले होते. काकाजींसाठी बाईंची शाल आणली होती, म्हणाले, बाईंनी खुणेनं सांगून ठेवलं होतं. तिथं कोणी धड काही सांगेना म्हणून माझ्याकडे आले. कुठं गेले? मी म्हटलं, पोरीकडे. कुठल्या गावी? बोरी अरब हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. मी म्हटलं, दारव्ह्याकडे कुठंसं, नक्की ठाऊक नाही. गुरुजी तिथं गेले असते तर दोघं समोरासमोर बसले असते आणि त्या फोनचा विषय निघाला असता. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

गुरुजींनी शाल पिशवीत परत घातली. मग विचारलं, "माझा निरोप पोचला होता ना त्यांना?"

मी रजिस्टर पुढे केलं. पान काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, तारीख, वेळ, शेरा, खालची रेघ. अक्षरावरून बोट फिरवलं.

"हो," मी म्हणालो. "पोचला."

"मग बरं," गुरुजी म्हणाले. "मला रुखरुख लागली होती. म्हातारा आपला वाट पाहत बसायचा."

त्यांनी मला हात जोडले, पायऱ्या उतरले आणि स्टँडच्या दिशेनं गेले. मी रजिस्टर बंद केलं.

पुढे वर्ष-दीड वर्षानं यवतमाळहून दारव्ह्याला कामासाठी जात होतो. दुपारची बस. बोरी अरबला बस थांबली, काही उतरले, काही चढले. मी खिडकीपाशी होतो. रस्त्यापासून थोडं आत एका घरासमोर मोकळी जागा होती, आणि तिथं बाहेरगावची एक जीप उभी होती. आत एक कुटुंब, दारं उघडी, कोणी बाळाला भरवत होतं. घरापासून लांब, रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडलेले. जीपचं तोंड रस्त्याकडे. खाली पुठ्ठा.

कंडक्टरनं विचारलं, उतरायचं काय? मी नाही म्हटलं. बस सुटली.